कान दोनच शेत, मास्तर

मास्तर, तुमच्या दहाव्याला प्रकाशा गावच्या घाटावर केवढे बँडवाले जमले होते! तळोद्याचे आले, नवापूरचे आले, ज्यांच्याशी तुम्ही दर लग्नसराईत हमरीतुमरीवर यायचात ते दोंडाईच्याचेही आले आणि सगळ्यांत जास्त तेच रडले. एवढे वाजवणारे एका जागी, आणि एक सूर निघाला नाही. कुणीतरी सुचवलं, की मास्तरांना वाजवून निरोप देऊ, बँडची गाडी वरच उभी आहे. तुमच्या घरच्या, आमच्या वहिनी, तिथूनच म्हणाल्या, "नको भो. जलमभर त्या दनदनाटमाच ऱ्हायनात. आज त्यास्ले शांत ऱ्हाऊ द्या."  तापीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं तेवढाच काय तो आवाज होता.

शहाद्याला परत येताना पंकजनं विषय काढला. तुमचा ऑक्टोपॅडवाला पंकज, ज्याला तुम्ही पोटच्या पोरासारखं ओरडायचात आणि पोटच्या पोरासारखं खाऊ घालायचात. घसा खाकरून म्हणाला, "ताई, शनवारनं कसं करानं? मास्तर गयात, पन तारीख तं दिधेल शे." खरंच आहे. ज्याच्या घरी लग्न आहे त्याची मुलगी काही आपल्या सुतकासाठी थांबणार नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी आले, शिलाई मशीनवर बसले, तर एका ब्लाउजची बाही सरळ लागेना. एवढी वर्षं गाडीवर चढायच्या आधी तुमच्याशी चार शब्द बोलायची सवय लागली आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्ही नेहमीसारखं मधूनमधून "बरं, बरं" म्हणत राहा.

माझी पुण्याची नणंद मागे विचारत होती, बँडमास्तर म्हणजे लाल कोट घालून बिगूल फुंकणारे का? मी म्हटलं, ते तुमच्याकडे. आमच्याकडे एक टेम्पो असतो. त्यावर माणसाच्या उंचीचे स्पीकरचे बॉक्स रचलेले, मागे जनरेटर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ऑक्टोपॅड, ढोलकी, झांज आणि एक गाणारी बाई. आणि सगळ्यांच्या मधोमध बँजोवर वाकून, एका हातानं बटणं दाबत, दुसऱ्या हातानं तारा छेडत उभे असतात ते आमचे मास्तर. लग्नाची वरात म्हणजे नवरदेव पुढे आणि गाव मागे असं तिला वाटत होतं. तिला सांगितलं, नवरदेव असतो कुठेतरी, गाव असतं तुमच्या बँजोपुढे.

मी तुमच्याकडे आले ती पुरुषोत्तमनगरच्या भजनी मंडळात गाणारी सून म्हणून. बँडच्या गाडीवर बाई उभी राहणार म्हटल्यावर आमच्या घरात जे रामायण झालं ते तुम्ही ओट्यावर बसून शांतपणे ऐकून घेतलंत आणि सासऱ्यांना एवढंच म्हणालात, की हिला न्यायला मी येईन आणि सोडायलाही मीच येईन. ते तुम्ही शेवटपर्यंत पाळलंत. आपल्या भागात चांगलं वाजवणारे पुष्कळ आहेत, पण दिलेल्या शब्दाचं ओझं न वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्याच वरातीनंतर माझ्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली. घाबरून पंकजला सांगितलं तर तो खूश झाला. "मंग तं कारेक्रम भारी व्हयना, ताई!" आपल्या धंद्याचं मापच ते होतं. कान वाजायला लागले की कार्यक्रम जमला. ज्याचे कान दुसऱ्या दिवशीही शांत त्यानं मन लावून वाजवलं नाही, असं आपली माणसं खरोखर मानायची. एकमेकांना विचारायची सुद्धा, "तुन्हा वाजी ऱ्हायना का?" आणि वाजत असले की टाळी द्यायची. मीही दिली. आपण आपलंच नुकसान टाळ्या देऊन साजरं करत होतो, आणि हे आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं.

पुढे ती शिट्टी सकाळपर्यंत राहायला लागली, मग दुपार उलटली तरी राहायला लागली आणि एका लग्नसराईत ती गेलीच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. गाणाऱ्या बाईच्या कानात काही बिघाड आहे असं एकदा पसरलं, की दुसरी बाई गाडीवर उभी राहायला वेळ लागत नाही. तुम्हाला मात्र माझ्या गळ्यावरून कळलं. एका हळदीत गाणं संपल्यावर तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "तू वरना सूर खाली लई ऱ्हायनी, बहीन." माझा तिळपापड झाला. मी म्हटलं, सूर माझा खाली नाही, तुमचा बँजो चढलाय. तुम्ही बँजो पुन्हा लावून घेतलात, बायकोनं मीठ कमी म्हटल्यावर शहाणा नवरा घेतो तसा. दुसरं गाणं झालं. पुन्हा जवळ आलात आणि या वेळी सुराचं बोललाच नाहीत. "कानमा वाजी ऱ्हायनं का?" एवढंच विचारलंत. माझे डोळे भरून आले, त्यातच तुम्हाला उत्तर मिळालं.

तुम्ही आणि वहिनी मला नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलात. माझी तपासणी झाल्यावर, आलोच आहे तर, म्हणून तुम्ही स्वतःही तपासणीच्या त्या बंद खोलीत जाऊन बसलात. डॉक्टरांनी दोघांच्या ऐकण्याचे आलेख टेबलावर ठेवले. तुमची रेघ बरीच सरळ येऊन बारीक, टोकदार आवाजांपाशी धाडकन खाली गेली होती. माझी डाव्या कानाची बरी होती, उजव्याची तुमच्याच वाटेनं निघाली होती, कारण माझ्या उजव्या हाताला बॉक्स असायचा. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, राहिलं ते टिकवता येईल. असंच चालू ठेवलंत तर वरचे सूर हिला स्वतःचे स्वतःला ऐकू येणार नाहीत, मग गाणार कशी? बसस्टँडपर्यंत रिक्षात मी रडत होते. तुम्ही तो तुमचा आलेख उलटसुलट करून बघत होतात. म्हणालात, "हाऊ देख, मन्हा कानना सातपुडा. अठे केवढी दरी शे!" रडता रडता हसू आलं. मग तुम्ही कागदाची घडी घातलीत. "गयं ते गयं. ऱ्हायनं ते जपसूत. कान दोनच शेत, तिसरा कठून आनशी?"

तुमच्याविषयी लोक पुष्कळ काय काय सांगतात. बँजोवर हात कसा होता, बोटं कशी धावायची. मला तुमचा सगळ्यांत मोठा पराक्रम विचाराल तर मी त्यानंतरची ती दुपार सांगेन. लग्नं संपली होती, गाडी तुमच्या अंगणात उभी होती, नव्या गाण्यांचा सराव होता. तुम्ही पंकजकडे पाठ करून उभे राहिलात आणि म्हणालात, झांज वाजव, वाजली की मी हात वर करतो. पंकजला वाटलं काहीतरी गंमत आहे. त्यानं जोरात वाजवली, तुमचा हात वर गेला. हळू वाजवली, हात खालीच. मधली वाजवली, तरी खालीच. पोरं हसायला लागली. मग हसणं आपोआप थांबलं. तुम्ही वळलात आणि अगदी सहज सांगितलंत, "माले बारीक झांज ऐकू येत नही आते. रातकिडा बी नही, कुकरनी शिट्टी बी नही. इतला वरीस मी तुम्हना तोंडं देखीसन वाजाडी ऱ्हायनू."

बँडमास्तरानं हे बोलायचं नसतं, मास्तर. कान गेलेला मास्तर म्हणजे डोळे गेलेला ड्रायव्हर, कोण बसेल त्याच्या गाडीत? ही गोष्ट बाजारात जायला एका पोराचं तोंड पुरलं असतं. तुमचं नाव, तुमची गाडी, सगळं तुम्ही त्या अंगणात उघडं ठेवलंत, कारण तुम्हाला आमचे कान वाचवायचे होते आणि त्याशिवाय आम्ही ऐकलं नसतं हे तुम्हाला माहीत होतं. गंमत म्हणजे एकाही पोरानं ते बाहेर बोलून दाखवलं नाही. एरवी त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मग कापसाचा विषय निघाला. आपल्या मुलखात कानात घालायला कापूस काही कमी नाही. तुम्ही वर्षानुवर्षं चांगले बोळे घालून वाजवत होतात आणि स्वतःला शहाणे समजत होतात. डॉक्टरांनी सांगितलं, की कापूस फार थोडा आवाज अडवतो, आणि अडवतो तोही बारीक, तीक्ष्ण आवाज. म्हणजे व्हायचं काय, की बोळे घातले की तुम्हाला बँजो बोथट लागायचा, मग तुम्ही मिक्सरवर त्याची धार वाढवायला सांगायचात. तुम्हाला बरोबर लागेपर्यंत बाकीच्यांच्या कानांची सालं निघायची. हे सांगताना तुम्ही स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतलात आणि पोरांच्या मध्ये एक डबी ठेवलीत. इअरप्लग. पोरांनी त्याच दिवशी त्यांचं नाव बुचं ठेवलं.

पहिली होती ती फोमची, पिवळी. बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, बूच आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचं. तुम्ही एकेकाला समोर बसवून शिकवलंत. आठ-दहा मोठाले पुरुष अंगणात आपापले कान ओढून बसलेत, हे बघून वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. "कोनी शाळामा शिक्षा करी का काय तुम्हले?" असं म्हणाल्या. नंतर तुम्ही मिळवलीत ती सिलिकॉनची, आत जाळीसारखं काहीतरी असलेली, गायला-वाजवायला करतात ती. त्यांनी आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होत नाही, सगळाच थोडा लांब जातो.

मला ती काही केल्या सोसेनात. बुचं घालून तोंड उघडलं की माझाच आवाज डोक्यात घुमायचा, माठात तोंड घालून गावं तसा. बाहेरचा बँजो लांब, आतली मी जवळ. मी घाबरून हळू गायची, हळू गायलं की सूर सुटायचा. दोनदा मी ती काढून तुमच्यासमोर आपटली. म्हटलं, कान वाचवून गाणं घालवायचं असेल तर कान गेले तरी चालतील. तुम्ही ती उचललीत, साबणाच्या पाण्यात धुतलीत, पुसलीत आणि पुन्हा माझ्या हातावर ठेवलीत. त्या अख्ख्या पावसाळ्यात तुम्ही संध्याकाळी ओट्यावर पेटी घेऊन बसायचात. एक सूर धरायचात, मी बुचं घालून तो लावायचा. बरोबर लागला की तुम्ही मान हलवायची, चुकला की नुसतं बघत राहायचं. तुमचं ते बघणं मला चांगलंच लागायचं. हळूहळू मला डोक्यातल्या घुमण्यातून बरोबर काय आणि चूक काय ते कळायला लागलं. मग घशावर जोर द्यायची सवयही गेली, कारण ओरडून काही फायदाच नव्हता. माझा आवाज सुधारला म्हणतात लोक, तो त्या पावसाळ्यात सुधारला. ज्याला स्वतःला वरचे सूर धड ऐकू येत नव्हते त्या माणसानं माझे वरचे सूर सरळ केले. कसे केलेत ते मला अजून कळलेलं नाही. पेटीच्या पट्टीला बोट आणि माझ्या गळ्याच्या शिरेला डोळा लावून बसायचात, एवढं आठवतं.

धंद्यात आपली टिंगल झालीच. दुसऱ्या बँडची पोरं आपल्याला बुचवाला बँड म्हणायची. तुम्ही बुचांना काळा दोरा लावून दिला होतात, पडू नयेत म्हणून, आणि एका लग्नात बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की हे कानातलं कुठल्या सोनाराकडचं. पंकज मात्र चिडायचा, लोक हसतात म्हणून काढून टाकायचा. त्याला तुम्ही नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीजवळून गाडी नेताना गाठलंत. डोळ्यांना पाणी येत होतं, मिरच्या पसरणाऱ्या बायांनी नाकातोंडाला फडकी बांधली होती. तुम्ही विचारलंत, "यास्नी नाकले फडकं बांधेल शे, तू हसना का?" तो म्हणाला, मिरचीचा खकाणा आहे, बांधणारच ना. "मंग कानले बांधं तं लाज काबरं वाटस?" त्यानं खिशातून बुचं काढली आणि गाडीतच घातली. तिथे घालायची काही गरज नव्हती, पण तुम्ही त्याला तसं सांगितलं नाहीत.

आणि ते तापीकाठचं पाटलांचं लग्न. केळीचे बागायतदार, गावभर मांडव. माझी जागा तेव्हा तुम्ही बदलली होती. बॉक्सच्या शेजारून काढून मला त्यांच्या मागे, आवाज जिथे कमी येतो तिथे उभं केलं होतं, आणि त्यासाठी गाडीची एक फळी कापली होती. पाटलांच्या लक्षात ते आलं. गाणारी बाई दिसत का नाही? तुम्ही म्हणालात, "तिन्हा आवाज पुढे जाई, ती मांगे ऱ्हाई." पाटील आणखी जवळ आले आणि त्यांना तुमच्या कानातली बुचं दिसली. मग भडकलेच. "मन्हा पोऱ्यानं लगन, अन् तुम्हीच कानमा बूच घालीसन उभा? आम्हनी हाऊस तुम्हले ऐकाले बी नको का?" पाहुणे गोळा झाले.  तुम्ही बुचं काढली नाहीत की आवाज चढवला नाहीत. हात पुढे केलात आणि म्हणालात, "पाटील, जरा वर या. एक गानं मन्हा जोडे उभा ऱ्हावा."

पाटील फेटा सावरत गाडीवर चढले. माझ्या जुन्या जागी, बॉक्सच्या शेजारी, तुम्ही त्यांना उभं केलंत आणि मला खूण केलीत. पहिलं कडवं होईपर्यंत ते ताठ होते. दुसऱ्याला त्यांनी एक हात कानावर ठेवला, तिसऱ्याला दुसरा. गाणं पूर्ण झाल्याशिवाय उतरायचं नाही एवढी मात्र त्यांनी पाटीलकी राखली. खाली उतरले ते डोकं हलवत, तुमच्याकडे बघून काहीतरी बोलले, बहुधा स्वतःलाही ऐकू गेलं नाही. मग हात पुढे केला. तुम्ही खिशातून फोमच्या बुचांची नवी जोडी काढून दिलीत. थोड्या वेळानं पुन्हा आले, आईसाठी एक जोडी मागायला. मांडवातल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईला तुम्ही स्वतः जाऊन, तिचा कान हळूच वर ओढून ती घालून दिलीत, आणि तिनं तुमच्या डोक्यावरून हात फिरवला. मला तुमचा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी, की परतीच्या रस्त्यात मी एकदाही तुम्हाला टोमणा मारला नाही.

पण आपल्या भांडणाचं मूळही तिथंच होतं. माझ्या डोक्यातून ती म्हातारी जाईना. मी म्हटलं, मास्तर, तिला बूच दिलंत, त्याऐवजी आवाज कमी केला असता तर? आपण कानात घालून उभे, आणि खाली तान्ही लेकरं कडेवर घेऊन बाया उभ्या, नवरदेवाची घोडी थरथरतेय, त्यांचं काय? तुम्ही म्हणालात, "त्यास्ना एक दिन शे, आपला रोजना." मी म्हटलं, लेकराचा एक दिवसही फार असतो. तुम्ही म्हणालात, आवाज कमी केला तर बुकिंग दुसऱ्याकडे जाईल, पोरं काय खातील? लोकांना छातीत धडधडायला हवं असतं, ते आपण बदलणारे कोण? मी सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचं काढलं. तिथले ढोल किती मोठे, तरी कुणाचा कान जात नाही. तुम्ही उसळून म्हणालात, तो ढोल डोंगरात मोकळ्यावर वाजतो, वर्षातून एकदा, आणि वाजवणारा त्याच्यासाठी व्रत धरतो, त्याची आपल्या डब्यांशी बरोबरी करू नकोस. मी म्हटलं, मी तेच म्हणतेय. त्यावर तुम्ही बँजोच्या तारा पुसायला घेतल्यात. मग म्हणालात, "तुन्ही गोट खरी शे, पन मन्ही बी खोटी नही."

यंदाच्या थंडीत मी पुन्हा कान तपासून आले. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दुसरी तुम्हाला आधी सांगितली, कारण तीत माझी बाजू होती: बुचं चांगलीच, पण एवढ्या आवाजात एवढा वेळ उभं राहणार असाल तर ती एकटी पुरणार नाहीत, आवाजही खाली आणा. झालं, आपली जुंपली. तुम्ही पोरांच्या पोटावर आलात, मी माझ्या कानावर आले, वहिनींनी दोघांपुढे ताटं आपटली. शेवटी तुम्ही म्हणालात, "लगनसराई सरू दे, मंग बठसूत." मी बरं म्हटलं. लग्नसराई सरायच्या आधीच एका दुपारी तुम्ही जेवून लवंडलात ते उठलाच नाहीत.

पहिली गोष्ट सांगायची राहूनच गेली. उजव्या कानाची रेघ आहे तिथेच आहे, मास्तर. बुचं घालायला लागल्यापासून ती तसूभरही खाली गेलेली नाही. डाव्या कानाची तर अगदी तशीच. डॉक्टर म्हणाले, कुणी शिकवलं हो तुम्हाला इतकं नीट घालायला? मी म्हटलं, आमच्या मास्तरांनी. मी आज गाते आहे ती तुमच्यामुळे, पुढेही गाईन ती तुमच्यामुळे. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून बँजोच्या तारा पुसायला घेतल्या असत्या. तरी सांगायला हवं होतं. फार वाईट वाटतं त्याचं.

पंकजला मी काल उत्तर दिलं. शनिवारी जायचं, तुमच्या जागी पुढे मी उभी राहीन आणि वरचे दोन बॉक्स उतरवायचे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "ताई, मास्तर ऱ्हातात तं..." मी म्हटलं, "ऱ्हातात तं भांडतात. माले माहीत शे." मुलीच्या बापाला फोन करून मीच सांगितलं, की आमची गाडी यापुढे एवढ्याच आवाजात वाजेल.  मग ते म्हणाले, "देखसूत." या देखसूतमध्ये काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कदाचित पुढच्या लग्नसराईत आपल्याला कुणी बोलावणार नाही. तुमचं म्हणणं खरं ठरेल आणि ही पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसतील. मला भीती वाटते, मास्तर, खोटं कशाला सांगू.

आज दुपारी तुमच्या अंगणात सराव केला. बुचं घातलीच होती, काळजी करू नका. बॉक्स खाली उतरवून भिंतीला लावले. वहिनी पायरीवर येऊन बसल्या. हळदीचं गाणं घेतलं, आपण नेहमी सुरुवात करतो ते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ढोलकीवरचं बोटानं घासलेलं ऐकू आलं. पहिली ओळ झाली आणि मी थांबले. त्या ओळीनंतर तुम्ही बँजोवर एक तुकडा घ्यायचात, दर वेळी वेगळा, आणि तो ऐकत ऐकत मी श्वास भरून घ्यायची. एरवीच्या दणदणाटात ती जागा बॉक्सच्या घुमण्यानं कशीही भरून गेली असती. आज ती मोकळी पडली. ढोलकी चालू होती आणि मी खरोखर तुमची वाट बघत उभी होते. पंकजनं मान पुढे करून विचारलं, "ताई, अठे मी काही वाजाडू का?" मी हातानंच नको म्हटलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

तेवढे ठोके मी जाऊ दिले आणि पुढची ओळ धरली. सूर बरोबर लागला. तुम्ही असतात तर मान हलवली असतीत आणि लगेच ते दोन बॉक्स परत चढवायला लावले असतेत. मी चढवणार नाही, मास्तर. यायचं असेल तर या, आणि भांडा.